बेगमपेठेपासून भद्राचलमपर्यंत: वैद्यकीय प्रयोग आणि संमतीचा प्रश्न

मानवी रोगांवर उपाय शोधावयाचा तर केव्हा ना केव्हा मानवी देहावरच प्रयोग करावा लागतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राचा कोणीही प्रामाणिक अभ्यासक नाकारणार नाही. परंतु तो देह कोणाचा घ्यावयाचा, घेण्यापूर्वी त्या माणसाला काय सांगावयाचे, आणि त्याने होकार दिलाच तर नकार देण्याची मुभा त्याला खरोखर होती काय हे कोणी तपासावयाचे, हे प्रश्न गेली सव्वाशे वर्षे वैद्यकाच्या पाठीशी लागलेले आहेत. आणि निरनिराळ्या काळी निरनिराळ्या सत्ताधीशांनी त्यांची जी उत्तरे दिली ती एकत्र ठेवून पाहिली असता असे आढळते की, प्रयोगाचा भार बहुधा अशाच माणसांवर पडला ज्यांना नकार परवडणारा नव्हता. अमेरिकेत ती माणसे कृष्णवर्णीय होती. आपल्याकडे ती कधी जित प्रजा होती, कधी तुरुंगातील बंदी, कधी खेड्यातील स्त्री, तर कधी आश्रमशाळेतील आदिवासी मुलगी. या इतिहासातील कित्येक प्रकरणे आमच्या सिकंदराबादेच्या अवतीभोवती, जुन्या निजामी मुलखाच्या चतुःसीमेत घडलेली असूनही त्यांची सलग हकीकत मराठीत क्वचितच वाचावयास मिळते. म्हणून हा आढावा.

सिकंदराबाद ही १८०६ साली वसलेली इंग्रजी छावणी. मुलूख निजामाचा, पण अंमल रेसिडेंटाचा. या छावणीत १९ व्या मद्रास पलटणीचा डॉक्टर म्हणून रोनाल्ड रॉस १८९५ मध्ये दाखल झाला, आणि मध्यंतरी बंगळूर व उटीकडे जाऊन १८९७ च्या उन्हाळ्यानंतर पुन्हा येथे आला. बेगमपेठेच्या लहानशा इस्पितळात त्याने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला डास चाववून घेतले, आणि दर डासामागे एक आणा या हिशेबाने त्याला मोबदला दिला. १६ ऑगस्टला चावलेल्या त्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भित्तीवर २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसला काळसर कण असलेल्या त्या पेशी दिसल्या, ज्यांनी हिवतापाचा प्रसार डासामार्फत होतो या सिद्धान्ताला पहिला निर्णायक आधार दिला. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेठेची ती इमारत आज उस्मानिया विद्यापीठाकडे आहे, आणि नल्लकुंट्याच्या ज्या सरकारी इस्पितळाला सारा गाव ताप दवाखाना म्हणून ओळखतो, त्यालाही रॉसचेच नाव दिलेले आहे. हुसेन खानाविषयी मात्र त्याचे नाव आणि त्याला मिळालेले आणे यांपलीकडे फारसे काही शास्त्राच्या इतिहासात उतरलेले नाही.

हुसेन खानाचे प्रकरण त्यातल्या त्यात सौम्य म्हटले पाहिजे, कारण रोग त्याच्या अंगी आधीच होता आणि डासाच्या दंशाने त्यात भर पडणार नव्हती. त्यापूर्वीचे, १८९५ मधले, लछमनचे प्रकरण तसे नाही. लछमन हा वीस वर्षांचा धडधाकट तरुण. आपल्याला कधी ताप आला नाही असे तो सांगत असे. डास पाण्यात मरतात आणि ते पाणी पिणाऱ्याला हिवताप होतो, अशी त्या काळी रॉसचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांची कल्पना होती. ती ताडून पाहण्यासाठी रॉसने रोग्याला चावलेले डास ज्यात मेले होते असे पाणी लछमनला पाजले. काही दिवसांनी त्याला अल्पसा ताप आला आणि उतरला. मॅन्सन यांना पाठविलेल्या पत्रात रॉसने या प्रयोगाचे समर्थन दोन मुद्द्यांवर केले: निष्पत्ती झाल्यास तिचे महत्त्व अपरंपार आहे, आणि क्विनाइनसारखे रामबाण औषध आपल्या हाताशी आहे. हे दोन्ही मुद्दे खोटे नव्हते. परंतु ते दोन्ही प्रयोगकर्त्याच्या बाजूचे आहेत, आणि लछमनला ते पटले होते काय, किंबहुना ते त्याच्यापुढे मांडले गेले होते काय, हा तिसरा मुद्दा त्या समर्थनात येत नाही. पलटणीच्या डॉक्टरसाहेबाने पेला पुढे केला असता छावणीतल्या एका देशी तरुणाने तो मागे सारावा, ही गोष्ट त्या काळच्या सिकंदराबादेत कोणाच्या कल्पनेत तरी आली असती काय?

रॉस दुष्ट होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. उटीजवळच्या सिगूर घाटात हिंडताना स्वतः त्यालाही हिवताप जडला होता, आणि त्याच्या शोधाने जेवढे प्राण वाचले तेवढे फार थोड्या शोधांनी वाचविले असतील. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नसून त्या काळी उपलब्ध असलेल्या मापदंडाचा आहे. आणि तो मापदंड त्या काळी अज्ञात होता असे म्हणता येत नाही. १९०० साली याच मॅन्सन यांनी रोमहून आणविलेले रोगवाहक डास लंडनमध्ये कोणाला चाववून घेतले, तर आपल्या स्वतःच्या मुलाला, जो वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि होणाऱ्या परिणामाची ज्याला पूर्ण कल्पना होती. त्याच वर्षी क्यूबात पीतज्वराचा शोध करणाऱ्या वॉल्टर रीड यांनी स्पॅनिश स्थलांतरितांशी त्यांच्याच भाषेत लेखी करार केले, धोका जिवावरचा असू शकतो हे त्यात नमूद केले, आणि शंभर डॉलर सोन्यात देण्याचे व आजार झाल्यास तितकेच अधिक देण्याचे वचन दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रशियाच्या सरकारनेही संमतीवाचून असे प्रयोग करू नयेत असा हुकूम काढला. रीडच्या करारातही गरिबाला पैशाची भूल आहेच. तरीपण विचारणे, सांगणे आणि लिहून घेणे या तीन गोष्टी १९०० साली करता येण्याजोग्या होत्या, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते. दख्खनच्या छावणीत त्या आवश्यक मानल्या गेल्या नाहीत. लंडनमधला मुलगा आणि सिकंदराबादचा लछमन यांच्यात शास्त्राच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. जो फरक होता तो राज्यकर्ता आणि रयत यांच्यातला.

मुंबई इलाख्यातील प्लेगच्या लसीचा इतिहास याच काळातला. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, हे त्यांच्या चारित्र्याला शोभणारेच होते. परंतु त्यानंतर लगेच ती कोणाला टोचावी असा प्रश्न आला तेव्हा भायखळ्याचा तुरुंग निवडला गेला. बंदिवान स्वखुशीने पुढे आले असे नमूद आहे. प्लेगने माणसे मरत असलेल्या कोठडीत, पहारेकऱ्यांच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला दिलेली स्वखुशी कितपत मोकळी असू शकते, याचा निर्णय वाचकांनीच करावा. पुढल्या वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा गावी गावकऱ्यांना कुटुंबवार बसवून प्रत्येक कुटुंबातील निम्म्यांना लस टोचली आणि निम्म्यांना तसेच ठेवले. मागून प्लेग आला तेव्हा न टोचलेल्यांत मृत्यू कितीतरी अधिक झाले आणि लसीचा गुण प्रस्थापित झाला. उंढेऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट मान्य केली पाहिजे: लस उपयोगी पडेल की नाही हे त्या वेळी कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते, आणि म्हणून निम्म्यांना वगळण्यात जाणूनबुजून केलेला अपाय नव्हता. हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे उस्मानाबादेच्या प्रकरणात नेमका तोच उलटा होतो.

पाश्चात्त्य देशांतील कथा बहुतेक वाचकांना परिचित असल्याने ती थोडक्यात आटोपतो. नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल न्यूरेंबर्ग येथे ऑगस्ट १९४७ मध्ये लागला, आणि त्या निकालपत्रातील दहा कलमांपैकी पहिले कलम असे की, प्रयोगाधीन व्यक्तीची स्वेच्छेची संमती सर्वथा अनिवार्य आहे. त्याच महिन्यात आपला देश स्वतंत्र झाला. हैदराबाद मात्र आणखी वर्षभर निजामाच्याच ताब्यात होते. ज्यांनी हा निवाडा दिला त्या अमेरिकेच्याच अलाबामा राज्यात, टस्कीगी गावी, सरकारी आरोग्यखाते १९३२ पासून उपदंशाने ग्रस्त अशा ३९९ कृष्णवर्णीय शेतमजुरांना उपचाराविना ठेवून त्यांचा रोग कसा वाढतो याची नोंद करीत होते. रक्त बिघडले आहे, एवढेच त्यांना सांगितले जाई. फुकट जेवण आणि अंत्यविधीचा खर्च हे त्यांना दिलेले मोल. चाळिशीच्या दशकात पेनिसिलिन हाती आल्यावरही ते त्यांना मिळू दिले गेले नाही. १९७२ साली वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा कोठे हा अभ्यास थांबला, आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्रातर्फे क्षमा मागितली. गुण येणारे औषध अस्तित्वात असताना ते रोग्यापासून दूर ठेवणे, आणि तो रोगी गरीब व काळा असल्यामुळे हे बिनबोभाट करता येणे, हे टस्कीगीचे मर्म होय.

ज्या १९९७ साली ही क्षमायाचना झाली, त्याच साली दिल्लीतील एक जुना अभ्यास उघडकीस आला हा योगायोग दुःखद आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका संस्थेने १९७६ ते १९८८ या काळात गर्भाशयमुखाच्या पेशींत कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या १,१५८ स्त्रियांना उपचार न करता निरीक्षणाखाली ठेवले होते, आणि आपल्याला काय झाले आहे व ते कोठवर जाऊ शकते याची पुरती कल्पना त्यांना दिली गेली नव्हती. संमती तोंडी घेतली होती असे सांगण्यात आले. येथे वर्णाचा भेद नव्हता. प्रयोगकर्ते आपलेच, रोगी आपलेच, सरकारही आपलेच होते. आणि तरीही डॉक्टर व दवाखान्याच्या बाकावर बसलेली निरक्षर बाई यांच्यातील अंतर अलाबामातील अंतराहून कमी ठरले नाही.

आता आमच्या भागाकडे परत येतो. हैदराबादेपासून जवळच्या पटनचेरू येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९८५ साली नेट-एन नावाचे, दर दोन महिन्यांनी टोचावयाचे गर्भनिरोधक इंजेक्शन आसपासच्या स्त्रियांना देण्याचा घाट घालण्यात आला होता. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटना या स्त्रियांच्या मंडळीतील काहीजणी तेथे जाऊन पोहोचल्या आणि आलेल्या बायकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले, तेव्हा असे दिसून आले की, हा प्रयोग आहे हेच मुळी त्यांना ठाऊक नव्हते. मूल न होण्याची सरकारी सुई एवढीच त्यांची समजूत होती. पुढे या संघटनेने दिल्लीच्या सहेलीसारख्या संघटनांना बरोबर घेऊन १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज गुदरला. तो खटला चौदा वर्षे रेंगाळला आणि २००० साली, पुरेशी माहिती व समुपदेशन यांची सोय असेल तेथेच हे इंजेक्शन दिले जाईल, अशा आशयाच्या सरकारी हमीवर निकालात निघाला. हा जय की पराजय याविषयी दुमत होऊ शकेल. तथापि माझ्या मते त्या दिवशी पटनचेरूला घडलेली गोष्ट या सबंध इतिहासात विशेष मोलाची आहे, कारण प्रयोगात ओढल्या जाणाऱ्या बायकांशी त्यांच्याच भाषेत, बरोबरीच्या नात्याने, कोणीतरी प्रथमच बोलले होते.

उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, हे मराठी वाचकाच्या दृष्टीने या आढाव्यातील सर्वांत जवळचे आणि सर्वांत कठीण प्रकरण. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच मोडत होता. दुष्काळ, अर्धशिक्षण आणि दवाखान्यांची वानवा हा त्याचा निजामी वारसा स्वराज्यातही फारसा हटला नव्हता. गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला आमच्या खेड्यातील बाया पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, त्या भागात पुष्कळ. १९९९ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी मिळून, गेट्स प्रतिष्ठानच्या पैशाने, या जिल्ह्यात एक भव्य चाचणी सुरू केली. खेड्यांचे ५२ समूह पाडून त्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत वाटणी केली गेली. एका गटाची तपासणी हा रोग घडविणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने, दुसऱ्याची पेशी काचपट्टीवर घेऊन, तिसऱ्याची शिरका लावून नुसत्या डोळ्यांनी. चौथ्या गटाची तपासणी नाही. या चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या होत्या, तपासणी न झालेल्या गटात ६४.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही अमेरिकन सरकारी कर्करोग संस्थेच्या पैशाने १९९८ पासून अशीच चाचणी चालू होती. तेथे शिरक्याच्या तपासणीमुळे मृत्यूचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. तपासणीवाचून ठेवलेल्या ७६,१७८ स्त्रियांपैकी ९८ मरण पावल्या. तमिळनाडूतील दिंडिगुलची तिसरी चाचणी धरली तर तिन्ही ठिकाणच्या तपासणीविना ठेवलेल्या स्त्रियांची संख्या १,३८,६२४ होते आणि त्यांच्यातील या रोगाने झालेले मृत्यू २५४. एरिक सुबा या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने याविरुद्ध तक्रार नोंदविली, मुंबईहूनच निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात आपली बाजू मांडली, आणि अमेरिकेच्या संबंधित सरकारी कार्यालयानेही मुंबईच्या चाचणीत स्त्रियांना संमतीपूर्वी पुरेशी माहिती मिळाली नव्हती असा अभिप्राय दिला.

संशोधकांची बाजू पोकळ नाही, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ते म्हणतात की, या जिल्ह्यांत अशी तपासणी मुळात कोणालाच मिळत नव्हती. चौथ्या गटातील स्त्रियांकडून आम्ही काहीही काढून घेतले नाही. पेशी काचपट्टीवर घेऊन होणारी पॅपची चाचणी खेडोपाडी चालविण्याजोगी पॅथॉलॉजिस्टांची फौज देशाकडे नव्हती. आणि गरीब देशाला झेपेल असा स्वस्त उपाय कोणता हे ठरविण्यास तुलनेचा गट आवश्यकच होता. या चाचणीच्या आधारावर जगभरची धोरणे बदलली हेही खरे आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच अग्रक्रम दिला, त्यामागे उस्मानाबादच्या बायांचे आकडे आहेत. परंतु उंढेऱ्याचा जो मुद्दा ध्यानात ठेवावयास सांगितला तो येथे आठवावा. प्लेगची लस गुणकारी आहे की नाही हे १८९८ साली अज्ञात होते. गर्भाशयमुखाच्या तपासणीने कर्करोग वेळीच सापडतो व प्राण वाचतात हे मात्र १९९९ साली अज्ञात नव्हते; श्रीमंत देशांत ती तपासणी कित्येक दशके रूढ झालेली होती, आणि मुंबईतल्याच मोठ्या रुग्णालयांत पैसेवाल्या बाईला ती मिळत होती. तीन तपासण्यांपैकी सरस कोणती याची परीक्षा तीन गटांतही करता आली असती. चौथा गट जर बोस्टन वा लंडनमध्ये ठेवता येत नसेल, आणि कळंब, भूम, परंड्याकडे ठेवता येत असेल, तर त्याचे कारण एकच उरते: तेथील स्त्रियांना आधीपासूनच काही मिळत नव्हते. म्हणजे ज्या अभावाबद्दल राज्यसंस्थेने शरमावयास हवे होते, तोच अभाव प्रयोगाची सोय बनला. टस्कीगीच्या मजुरांबद्दलही, त्यांना एरवी कोण डॉक्टर औषध देणार होता, हाच युक्तिवाद झाला होता. दोन्ही प्रकरणे समान आहेत असे मी म्हणत नाही. उस्मानाबादेत कोणाचे औषध अडविले गेले नाही, आणि रोग आढळलेल्यांवर उपचार झाले. पण या एका युक्तिवादापुरते त्यांचे नाते नाकारता येत नाही, आणि यात संमतीच्या कागदाचा उपयोग फार थोडा आहे. अंगठा उठविणाऱ्या बाईला आपला गट कोणता, इतर गटांना काय मिळते, आणि तेच आपल्याला सोलापूर किंवा मुंबईस जाऊन घेता येईल काय, हे समजले नसेल तर तिने राजीखुशीने काय लिहून दिले?

तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यातील प्रकरण उस्मानाबादचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांचे. जुलै २००९ मध्ये पाथ या अमेरिकन संस्थेने, वैद्यकीय संशोधन परिषद व तत्कालीन आंध्र प्रदेश सरकार यांच्या सहकार्याने, भद्राचलम, कोत्तगुडेम आणि तिरुमलायपालेम या तीन मंडलांतील १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४,००० मुलींना एचपीव्हीची लस टोचण्यास आरंभ केला. गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातही असेच काम चालू होते. याला प्रयोग न म्हणता प्रात्यक्षिक प्रकल्प म्हटले गेले, आणि प्रयोगाला लागणारी बंधने पुष्कळशी या नामांतरानेच टळली. भद्राचलमच्या आश्रमशाळा म्हणजे गोदावरीकाठच्या कोया आदिवासी मुलींची वसतिगृहे. आईबाप कोसभर दूरच्या पाड्यावर, आणि मुलीचा सर्व कारभार वॉर्डनच्या हाती. २०१० च्या आरंभी समा या दिल्लीच्या संघटनेतील स्त्रियांनी तेथे जाऊन चौकशी केली, काही मुलींच्या मृत्यूचा गवगवा झाला, आणि एप्रिलमध्ये सरकारने काम थांबविले. दोन्ही राज्ये मिळून सात मुली मृत्यू पावल्या होत्या. सर्पदंश, बुडणे, विषप्राशन, ताप अशी त्यांची कारणे नोंदली गेली, आणि लसीशी त्यांचा संबंध नसावा असे चौकशी समितीचे मत पडले. ते मत आपण ग्राह्य धरू. लस म्हणून ती लस वाईट नव्हे. तिने हा कर्करोग टळतो हे आता निःसंशय झाले आहे.

परंतु संमतिपत्रांची जी तपासणी झाली तिचे आकडे संसदेच्या स्थायी समितीच्या ऑगस्ट २०१३ च्या अहवालात आहेत, आणि ते एकदा शांतपणे वाचावेत. आंध्रमधील ९,५४३ अर्ज तपासले; त्यांपैकी १,९४८ वर अंगठे होते, आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. कित्येकांवर साक्षीदार नाही, कित्येकांवर पालकाचे नाव एक आणि सही दुसरी. काही ठिकाणी लस टोचल्याची तारीख आधीची आणि संमतीची मागाहूनची. पालकांच्या वतीने शाळेच्या मुख्याध्यापकांनी व वॉर्डननी सह्या कराव्यात असे खुद्द राज्य सरकारचेच परिपत्रक होते. जी मुलगी वॉर्डनच्या हातचे जेवते, तिच्या वतीने वॉर्डनने, वरिष्ठांच्या हुकमावरून, वरिष्ठांनाच संमती दिली. लसीविषयी काही प्रश्न असलाच तर तो मुलीने विचारावयाचा कोणाला, आणि पाड्यावरच्या आईने तरी कोणाला? कोया भाषेत एक ओळही कोणी तिला वाचून दाखविली नव्हती तर तिच्या मुलीला काय टोचले हे तिला कळणार कसे? भद्राचलमऐवजी हैदराबादच्या धनिक जुबिली हिल्स भागातल्या इंग्रजी शाळेत हेच करावयाचे ठरले असते, तर मुख्याध्यापकांच्या सहीवर काम भागले नसते, ही गोष्ट हैदराबादेत राहणारा कोणीही छातीवर हात ठेवून सांगेल.

२०११ साली आमच्याच मियापूर भागातील एका खाजगी प्रयोगसंस्थेचा परवाना औषध नियंत्रकांनी निलंबित केला, कारण तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातील पिडुगुराळ्ल्याच्या मजूर स्त्रियांना थोड्याशा पैशांच्या मोबदल्यात आणून त्यांच्यावर कर्करोगावरील औषधाची चाचणी घेतली गेल्याचा गाजावाजा झाला. हैदराबाद हे जेनेरिक औषधांचे माहेरघर. नवे जेनेरिक औषध मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते काय हे निरोगी माणसांवर तपासावे लागते, आणि ती निरोगी माणसे बहुधा गावाकडून आलेले, कर्ज झालेले तरुण असतात. मोबदला देणे अन्यायाचे नाही. उलट फुकट राबविणे अधिक वाईट. पण ज्याला महिनाअखेरीस हप्ता भरावयाचा आहे त्याच्यापुढे इंग्रजीत छापलेली पंधरा पाने ठेवून त्याला माहितीपूर्वक संमती म्हणणे मला पटत नाही.

कायद्याने या काळात पुष्कळ वाट चालली आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर सरकारला सांगावे लागले की, २००५ ते २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ माणसे मरण पावली होती, आणि त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीशी थेट संबंधित होते. त्यानंतर २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे झाले, आणि २०१९ च्या नव्या नियमांत हे सर्व एकत्र करण्यात येऊन मुद्रणाची सक्ती दुर्बळ गटांतील माणसांवर नव्या रेणूंची चाचणी होत असेल त्यापुरती ठेवली गेली. चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे. हे उपाय खरे आहेत आणि त्यांमुळे उघड लबाडीला बराच आळा बसला. मात्र चलच्चित्रात हो म्हणणारा माणूस दिसतो. त्याने नाही म्हटले असते तर त्याचे काय झाले असते ते दिसत नाही. २०२०-२१ मध्ये हैदराबादच्या कंपनीच्या कोविड लसीची चाचणी भोपाळात झाली तेव्हा वायुकांडाच्या वस्तीतील लोकांनी असा आक्षेप घेतला की, आम्हाला ७५० रुपये मिळाले आणि ही सरकारी लस आहे असे आम्ही समजलो. रुग्णालयाने तो नाकारला. नियम २०१९ चे होते, पण गाऱ्हाणे पटनचेरूच्या बायकांचेच.

इतक्या अटी घातल्या तर संशोधनच थांबेल, असे माझे कित्येक डॉक्टर स्नेही म्हणतात. त्यांच्या चिंतेत तथ्य आहे, कारण संशोधनाचा खरा गरजवंत गरीबच असतो. हिवताप, क्षय, सर्पदंश यांवरील औषध गरिबांवर अजमावल्यावाचून गरिबांच्या उपयोगी पडणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, चाचणीचा भार ज्यांनी वाहिला त्यांच्याच दारी तिचे फळ प्रथम पोहोचावे, तुलनेच्या गटाला देशात उपलब्ध असलेल्यापैकी सर्वोत्तम ते मिळावे, अल्पवयीन मुलीची संमती तिच्या आईबापांशिवाय कोणीही देऊ नये, आणि नीतिसमितीत त्या भागातली, त्यांची बोली बोलणारी, डॉक्टर नसलेली दोन माणसे असावीत. यांपैकी एकही गोष्ट शास्त्राला अडविणारी नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतच शिरक्याच्या पद्धतीने करण्याचे ठरविले, आणि त्या ठरावाला आधार मुंबई व दिंडिगुलच्याच चाचण्यांचा होता. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम दोन आढळल्या. महाराष्ट्र शासनास माझी विनंती आहे की, ज्या ५२ समूहांतील स्त्रियांच्या आयुष्यांवरून एचपीव्ही चाचणीची श्रेष्ठता जगाला कळली, त्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत ती चाचणी, पुढील उपचारांसह, प्रत्येक स्त्रीला विनामूल्य उपलब्ध करावी, आणि आरंभ चौथ्या गटाच्या गावांपासून करावा.